ताडपत्रांतून निघालेला कौटिल्य

कौटिल्याचें नांव आपल्या घरांतील मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्याचा ग्रंथ विद्वानांच्याहि हातीं नव्हता, हें फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. कामंदकानें त्याला वंदन केलें, बाणानें त्याची निर्भर्त्सना केली, दंडीनें तर ग्रंथाचें मान ६००० श्लोक असें मोजून ठेविलें. मूळ ग्रंथ मात्र डोळ्यांआड!

तो सांपडला म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत. संस्थानच्या आश्रयानें १८९१ सालीं निघालेल्या ह्या ग्रंथालयास तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें आपल्याजवळील ताडपत्री पोथी आणून दिली; सोबत भट्टस्वामीच्या टीकेचा त्रुटित भागहि होता. ग्रंथपाल शामशास्त्री यांनीं ती पोथी नुसती नोंदून फडताळांत ठेविली नाहीं, ती वाचली. १९०५ पासून भाषांतराचे भाग प्रसिद्ध होऊं लागले, १९०९ सालीं मूळ छापलें गेलें आणि १९१५ सालीं संपूर्ण इंग्रजी भाषांतर निघालें. १५ अधिकरणें, १५० अध्याय, १८० प्रकरणें. आणि पहिल्याच अध्यायाच्या अखेरीस दंडीचे तेच ६००० श्लोक! सरकारी द्रव्य खाण्याचे ४० प्रकार त्यांत मोजून दिले आहेत. आजच्या हिशेबनिसांनाहि ते अपरिचित वाटूं नयेत.

अशी पोथी टिकते कशी, हें समजून घेण्यासारखें आहे. ताडपत्रावर लोखंडी लेखणीनें अक्षरें कोरतात व वरून काजळ चोळतात. काजळ उडालें कीं पान कोरेंच भासतें. पुन्हा चोळलें कीं अक्षर उमटतें. तेलाच्या हातानें पान लवचिक राहतें, कीडहि दूर राहते. तरी दक्षिणेच्या दमट हवेंत हीं पानें कांहीं शतकेंच तग धरतात. म्हणून दर कांहीं पिढ्यांनीं कोणीतरी बसून नवी नक्कल करावी लागते. ती परंपरा एकदां खंडली कीं ग्रंथ गेलाच.

१९१६ सालीं हें ग्रंथालय म्हैसूर विद्यापीठाकडे आलें. केंद्र सरकारनें २००३ सालीं राष्ट्रीय पाण्डुलिपि मिशन काढून देशभरच्या हस्तलिखितांची मोजदाद आरंभिली. त्याच्या कितीतरी आधीं ह्या एका पोथीनें म्हैसूरचा संग्रह सर्वमान्य केला होता. पुढें उपलब्ध झालेल्या पोथ्या ताडून मुंबई विद्यापीठासाठीं र. पं. कंगले यांनीं सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ति १९६० सालीं निघूं लागली, हें मराठी वाचकांस सांगितलेंच पाहिजे. ज्यानें मूळ पोथी दिली, त्याचा उल्लेख मात्र शामशास्त्र्यांच्या प्रस्तावनेंत ‘तंजावर जिल्ह्यांतील पंडित’ एवढाच आहे.

आपल्याकडे घरांतील वडील माणूस गेलें कीं माळ्यावरील दप्तर नदींत सोडण्याची घाई होते. आमची विनंती एवढीच कीं, आधीं रुमाल सोडून शेवटचें पान पाहावें. ग्रंथकर्त्याचें नांव, लेखकाचें नांव व शक हीं बहुधा तेथेंच असतात. पहिलें पान गहाळ झालें म्हणून पोथी निकामी ठरत नाहीं. लिपि लागली नाहीं, तर जाणत्यास दाखवावी आणि तोंवर ती कोरड्या जागीं, फळ्यांमध्यें घट्ट बांधून ठेवावी.