वसईचा किल्ला आणि नाशिकची घंटा

आपल्या गुलमंडीतून नाशिकला दर्शनाला गेलेल्या अनेकींनी गोदाकाठच्या नारोशंकर मंदिरावरची मोठी घंटा पाहिली असेल. ती मूळची पोर्तुगीज चर्चमधली. वसई जिंकल्यावर मराठ्यांनी ती आणली.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी आधी लहान बालेकिल्ला बांधला. नंतर बाहेरून मोठा तट घालून आत अख्खे शहर वसवले. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यात दगडी गोल जिना आहे. फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चमध्ये फरशीतच थडग्यांचे दगड बसवलेत. लाकडी छपरे गेली. दगडी भिंती आणि कमानी मात्र उभ्या आहेत.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी मोठ्या लढाईनंतर वसई घेतली. शरण आलेल्या पोर्तुगीजांना बायकामुलांसह सुखरूप जाऊ दिले.

बचत गटाची सहल वसईला नेलीत, तर मुलांना भिंतींवर नावे कोरू देऊ नका. फरशीवरही जपून चालायला सांगा. त्या दगडांवर आधीच कुणाच्या तरी घरच्या माणसांची नावे आहेत.