वणवा विझल्यावर गावाचं काम काय?



'वणवा' विषयावरच्या निबंधात मुलं जळणारी झाडं, उडून जाणारे पक्षी आणि शेवटी 'झाडे वाचवा' एवढं लिहितात. आग विझल्यावर पुढे काय, हे राहून जातं. खरं तर गावाचं मोठं काम तिथूनच सुरू होतं.

येलदरी परिसरातल्या मुलांना हे समजावणं सोपं आहे, कारण पूर्णा नदीवरचं धरण त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं. उन्हाळ्यात डोंगरउतारावरचं गवत वाळतं. विडीचं एक थोटूक किंवा बांधावर पेटवलेला पालापाचोळा आगीला पुरतो. गवत जळालं की जमीन उघडी पडते. मग पहिला जोराचा पाऊस राख आणि वरची सुपीक माती ओढ्यात नेतो, आणि ओढ्याचा गाळ शेवटी धरणात साचतो. म्हणजे आग डोंगराला लागते, पण नुकसान पाण्याचंही होतं.

मग गावानं काय करायचं?

आधी माणसं आणि जनावरं. ज्याची कडब्याची गंजी जळाली, त्याला घरटी चार पेंढ्या दिल्या तरी त्याची जनावरं पावसाळ्यापर्यंत तगतात.

काळी पडलेली झाडं तोडू नका. साग, पळस, तेंदू यांची मुळं बहुधा जिवंत असतात. बुडख्यातून नवे फुटवे येतात.

माती अडवा. पावसाआधी वनविभागाची परवानगी घेऊन घळीत दगडांचे छोटे बांध घाला.

चराई थांबवा. कोवळे फुटवे शेळ्यांनी खाल्ले तर जंगल परत उभं राहत नाही. त्याऐवजी गवत कापून आणायचं.

पुढच्या उन्हाळ्याची तयारी करा. गवताचा पट्टा साफ करून जाळरेषा काढल्या की आग पुढे सरकत नाही. वणवा दिसताच कळवण्यासाठी वनविभागाचा १९२६ हा क्रमांक सगळ्यांना पाठ हवा.

ही कामं एकट्यादुकट्याची नाहीत. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाडा गावाचं जंगल वणव्यानं नाही, तोडीनं उजाड झालं होतं. चैत्राम पवार यांच्या पुढाकारानं गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, दंड ठरवले आणि ते पाळले. आज तिथं सुमारे ४०० हेक्टर जंगल उभं आहे. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या भीषण वणव्यांशी झुंजणाऱ्यांतही बहुतेक स्वयंसेवकच होते: शेतकरी, दुकानदार, नोकरदार. पण ते आयत्या वेळी धावून आलेले नव्हते, त्यांनी आधीपासून प्रशिक्षण घेतलेलं होतं.

वर्गात काय करता येईल? मुलांना आग विझवायला कधीही नेऊ नका. आग पूर्ण थंड झाल्यावर, परवानगीनं, मोठ्यांच्या सोबतीनं जळालेल्या जागेत एक मीटर लांब-रुंद चौकोन आखा. दर पंधरा दिवसांनी त्यातले फुटवे मोजून वहीत लिहायला सांगा. पावसाळा संपेपर्यंत त्या वहीत मुलांच्या हातचा खरा निबंध तयार झालेला असेल.