मिरजेची जवारी

मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे मराठी सांभाळून घ्या!

मागच्या रविवारी कराडच्या हॉस्टेलवरून आम्ही चौघं रेल्वेने मिरजेला गेलो, सतारमेकर गल्ली बघायला. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं आद्य नाव.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. तो वाळवून कापतात आणि लाकडी दांडी जोडतात. इथपर्यंत आपल्या वर्कशॉपसारखंच. खरी गंमत जवारीत आहे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट नसतो, किंचित गोलसर असतो. थरथरणारी तार त्या उताराला हलकेच घासते, म्हणून मूळ सुरासोबत भरपूर हार्मोनिक्स उमटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर पेपर लिहिला होता. तार नोडवर छेडली तर थिअरीप्रमाणे जे हार्मोनिक्स यायला नकोत, तेही इथे ऐकू येतात!

"चाचा, हा कर्व्ह मोजता कशाने?" मी विचारलं.

"कानाने," चाचा हसले. कानस एकदा फिरवायची, तार छेडून ऐकायची, पुन्हा कानस. जरा जास्त घासलं की आवाज बिघडतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. नाव सुरक्षित झालं. पण चाचा म्हणाले, "कान तयार व्हायला वर्षं लागतात, पोरं तेवढी थांबत नाहीत."

पुढच्या सुट्टीत पिक्चरऐवजी मिरजेला जाऊन या. आणि घाई करू नका, नीट ऐका.