पाहुण्याच्या परवान्यावर सासर

कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने परदेशच्या व्हिशावर बोलावे, याचे श्रोत्यांपैकी काहींना नवल वाटेल. आम्हांस मात्र हा विषय परका वाटत नाही. हंगामी कामगार कायम होण्यासाठी अर्ज करतो, आणि पाहुणी म्हणून सासरी गेलेली सून तेथे कायम राहण्यासाठी अर्ज करते. दोघेही दाराच्या आत उभे असतात आणि आत राहण्याचा हक्क दोघांच्याही हाती अजून आलेला नसतो. आम्ही वकील नव्हे. स्थायी आदेश आणि करारनामे वाचता वाचता कायद्याची भाषा शिकलो, आणि त्याच सवयीने हे परदेशी नियमही वाचले.

परतूर, मंठा, सेलू या भागांतली मुले संगणकाच्या धंद्यात शिरली आणि मनमाडमार्गे मुंबई व मुंबईहून अमेरिका, कॅनडा येथे पोचली. लग्न मात्र इकडेच होते. जावई थोडक्या रजेवर आलेला असतो, तो परत जातो. मुलीच्या कायम वास्तव्याच्या कागदांना बराच काळ लागणार असे कळते, आणि मग मांडवातला कोणी जाणता सांगतो की आधी पाहुण्याच्या व्हिशावर जाऊ द्या, पुढचे तिकडे पाहता येईल. ‘पुढचे तिकडे पाहता येईल’ या चार शब्दांत सगळी गोम आहे. काही देशांत ते खरोखरच पाहता येते, काहींत मुळीच नाही, आणि अमेरिकेत ते मुलीने दारावर काय सांगितले होते यावर ठरते.

प्रथम दिवसांचा हिशेब. मुंबई राज्याच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत असे कलम होते की, बदली वा तात्पुरत्या कामगाराची बारा महिन्यांत २४० दिवस, आणि हंगामी कारखान्यात १९० दिवस सेवा भरली की त्यास कायम करावे. तेथे दिवस कामगाराच्या बाजूने मोजले जात. व्हिशाचे दिवस उलट मोजले जातात. पाहुणा कितीही दिवस राहिला तरी त्यामुळे घरचा होत नाही, आणि मुदतीबाहेर राहिलेला प्रत्येक दिवस त्याच्या विरुद्ध लिहिला जातो. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्याप्रमाणे १८० दिवसांहून अधिक काळ विनापरवाना राहून बाहेर पडलेल्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष वा अधिक काळ राहिलेल्यास दहा वर्षे परत प्रवेश मिळत नाही. येथे आपल्या लोकांचा एक गैरसमज फार महाग पडतो. पासपोर्टवर दहा वर्षांचा शिक्का असला म्हणजे दहा वर्षे राहता येते असे नव्हे. त्या मुदतीत दारापर्यंत येण्याची मुभा आहे, एवढाच त्याचा अर्थ. आत किती दिवस राहावयाचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवितो, बहुधा सहा महिने. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. शिक्का न वाचता ती नोंद वाचावी.

आता अमेरिका. तेथील कायदा असे गृहीत धरून चालतो की, पाहुण्याचा व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस तेथे कायम राहावयासच आलेला आहे. तसे नाही हे सिद्ध करणे अर्जदाराचे काम. म्हणून मुंबईच्या वकिलातीत मुलगी ‘मी भेटून परत येणार’ असे सांगते आणि व्हिसा मिळवते. हे बोलणे तेव्हा खरे असेल आणि पुढे परिस्थिती बदलली असेल, तर कायदा वाट मोकळी ठेवतो. नवरा अमेरिकेचा नागरिक असेल आणि पत्नी रीतसर तपासणी होऊन आत आली असेल, तर ती देशाबाहेर न जाता कायम वास्तव्याचा अर्ज करू शकते. नवऱ्याने आय-१३० भरावयाचा, पत्नीने आय-४८५. मधल्या काळात मुदत उलटली तरी नागरिकाच्या पत्नीच्या बाबतीत केवळ तेवढ्यावरून अर्ज अडत नाही. परंतु अर्ज चालू असता पूर्वपरवानगीवाचून ती देश सोडून गेली, माहेरच्या लग्नकार्याला का होईना, तर अर्ज सोडून दिला असे समजतात.

आणि ते बोलणे मुळातच खोटे असेल तर? विमानात बसतानाच परत न येण्याचे ठरले असेल तर? मग तो खोटे सांगून मिळविलेला प्रवेश ठरतो, आणि त्याची शिक्षा आयुष्यभराची प्रवेशबंदी ही आहे. त्यातून सवलत मागता येते, मिळणे कठीण. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २०१७ साली आपल्या नियमपुस्तकात ९० दिवसांची कसोटी घातली. आल्यापासून ९० दिवसांच्या आत पाहुण्याने व्हिशाशी विसंगत वर्तन केले, तर दारावर खोटे बोलला असे अनुमान काढावयाचे. यावरून आपल्या मंडळींनी उफराटा धडा घेतला आहे, की एक्याण्णवाव्या दिवशी अर्ज टाकला म्हणजे झाले. ही कसोटी वकिलातीच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. आतले अर्ज तपासणारे खाते तिने बांधलेले नाही. ते हेतूच पाहते. निरोपसमारंभाची छायाचित्रे, विकून टाकलेले सामान, इकडच्या नोकरीचा राजीनामा, हे सारे त्यांना दिसते.

म्हणून व्याह्यांनी पहिला प्रश्न विचारावा तो हा, की जावई नागरिक आहे, ग्रीन कार्डवाला आहे, की नोकरीच्या व्हिशावर आहे? ग्रीन कार्डवाल्याच्या पत्नीला रांगेत क्रमांक लागण्याची वाट पाहावी लागते, आणि उलटलेली मुदत तिला माफ होत नाही. नोकरीच्या व्हिशावरील नवऱ्याला पत्नीसाठी असा अर्ज करताच येत नाही. ती त्याची आश्रित म्हणून जाते, आणि त्याचे ठरेल तेव्हा तिचे ठरते. ज्याचे लग्न इकडे झाले आहे आणि राहण्याचेही ठरले आहे त्याने आय-१३० तिकडे भरून मुंबईच्या वकिलातीतून कायम वास्तव्याचा व्हिसा घ्यावा. ही वाट लांब आहे, पण तीवर काही लपवावे लागत नाही.

कॅनडाची रीत निराळी, आणि आमच्या मते अधिक प्रामाणिक. तेथील कायदा म्हणतो की, कायम राहण्याची इच्छा असणे आणि तात्पुरता प्रवेश मागणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. मात्र कायमचे न मिळाल्यास मुदत संपताच परत जाईन, एवढे अधिकाऱ्यास पटले पाहिजे. पाहुणी म्हणून गेलेली पत्नी नवऱ्याजवळ राहून आतूनच अर्ज करू शकते, आणि कामाचा परवानाही मागू शकते. मुदत संपण्यापूर्वी वाढीचा अर्ज टाकला तर निर्णय होईतो तिचे राहणे कायदेशीर धरतात. मुदत संपल्यावर टाकला तर हा लाभ नाही. एक बारीक भेद मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. बाहेरून केलेला अर्ज नाकारला गेला तर नवऱ्याला अपील मंडळाकडे दाद मागता येते. आतून केलेल्या अर्जाला ते अपील नाही. थेट संघ-न्यायालयात जावे लागते. अपिलाचा हक्क हातचा सोडताना कोणीही दहादा विचार करावा, असे आम्ही संघटनेच्या अनुभवावरून म्हणतो.

ब्रिटनचे थोडक्यात सांगता येते. पाहुण्याच्या व्हिशावरून पत्नीच्या व्हिशावर आतल्या आत जाता येत नाही. परत येऊन येथूनच अर्ज करावा लागतो, आणि नवऱ्याच्या उत्पन्नाची अट २०२४ साली वर्षाला २९,००० पौंड करण्यात आली. ऑस्ट्रेलियात आतून अर्ज होतो, परंतु व्हिशावर ८५०३ क्रमांकाची अट छापली असेल तर तो मार्ग बहुधा बंद होतो. तेवढा आकडा आधी पाहून घ्यावा.

कोणत्याही देशात गेलात तरी विवाहाचा पुरावा लागतो. हे दुखणे जुने आहे. नामदार गोखले १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले, आणि पुढच्याच मार्चमध्ये केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी जो निकाल दिला, त्याचा अर्थ असा निघाला की हिंदी लोकांच्या धर्मविधीने झालेली लग्ने तेथील कायद्याला लग्नेच नव्हेत. बायका एका निकालाने परक्या झाल्या. त्या बायकाच सत्याग्रहात उतरल्या, न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींवर गेल्या, आणि त्यांच्या सांगण्यावरून मजुरांनी संप केला. तीन पौंडांचा कर आणि विवाहाची मान्यता या दोन्ही गोष्टी १९१४ च्या कायद्याने सुटल्या. आज आपल्याकडे भांडावे लागते ते आपल्याच आळसाशी. विवाहनोंदणी सक्तीची करावी असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले, तरी पत्रिका आणि अल्बम यांवर भागते असे लोक समजतात. शिवाय आपल्या रिवाजाने लग्नानंतर मुलीचे मधले नाव आणि आडनाव बदलते, काही घरांत पहिलेही. पासपोर्टवर बापाचे नाव, दाखल्यावर नवऱ्याचे, आणि पदवीवर तिसरेच. ही एकच बाई, हे परक्या अधिकाऱ्याला कसे कळावे? नावे जुळवून मगच अर्ज करावा.

आपला देशही हेच करतो. येथील नागरिकाशी विवाह झालेल्या परदेशी जोडीदाराला पर्यटक व्हिशाचे रूपांतर प्रवेश व्हिशात करून मागता येते. ओसीआय कार्डासाठी विवाह नोंदलेला आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असावा लागतो, आणि नागरिकत्वासाठी सात वर्षांचे वास्तव्य. आपला भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या काळच्या उलथापालथीत काही कुटुंबे दोन देशांत वाटली गेली, हे जुन्या मंडळींस ठाऊक आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसे रद्द झाले, दीर्घ मुदतीचे तेवढे वगळले गेले. हाती कोणता कागद आहे त्यावर माणूस घरात राहणार की सीमेवर जाणार, हे त्या आठवड्यात ठरले.

राहता राहिला अर्ज आणि निकाल यांच्यामधला काळ. पाहुण्याच्या व्हिशावर काम करण्यास बंदी असते, आणि घरात पैशाची ओढ असते. अशा वेळी कोणी ओळखीचा दुकानदार रोख मजुरीवर बोलावतो. असे काम घेऊ नये. परवाना नसलेल्या कामगाराला मजुरी बुडाली तरी तक्रार करण्याची भीती वाटते, आणि मालकाला ते पक्के ठाऊक असते. घरातही तेच घडू शकते. सारे कागद नवऱ्याच्या नावाने आणि नवऱ्याच्या कपाटात असले की बाई बोलेनाशी होते. अमेरिकेत लग्नाला दोन वर्षे होण्यापूर्वी मिळालेले ग्रीन कार्ड सशर्त असते, आणि दोन वर्षांनी दोघांनी मिळून ती शर्त काढून घ्यावयाची असते. परंतु छळ होत असेल तर पत्नीला एकटीनेही अर्ज करता येतो, आणि १९९४ च्या कायद्याने मूळ अर्जही नवऱ्यावाचून करण्याची सोय झालेली आहे. कॅनडाने २०१२ साली अशीच दोन वर्षांची अट घातली होती. छळ सोसून बायका घरात राहतात अशी तिच्यावर टीका झाली आणि २०१७ साली ती काढून टाकण्यात आली. पासपोर्ट, विवाहाचा दाखला, आय-९४ ची प्रत आणि भरलेल्या अर्जाची पोच मुलीने स्वतःच्या पेटीत ठेवावी, आणि अर्जाचा क्रमांक माहेरच्या वहीत उतरवून मगच गाडीत बसावे. अर्ज तिकडे गेल्यावर झाला असेल तर क्रमांक मिळाला त्याच दिवशी तो फोनवरून सांगावा.