ब्रेकमधील हवा आणि एकटा माणूस : साधनांची निवड

वाहनकर्जाचा शेवटचा हप्ता फेडला की मोटार खऱ्या अर्थाने मालकाची होते. वॉरंटीची मुदत बहुधा तोवर संपलेली असते आणि किरकोळ देखभाल घरच्या अंगणातच उरकावी, असे अनेकांना वाटू लागते. एअर फिल्टर बदलणे, वायपरची पाती बदलणे, बॅटरीचे टर्मिनल स्वच्छ करणे या कामांत चूक झालीच, तर फार तर थोड्या पैशांचे नुकसान होते. ब्रेकमधील हवा काढण्याचे काम मात्र निराळे आहे. ते फार अवघड नाही आणि त्यास महागडी यंत्रेही लागतातच असे नाही. परंतु ते अर्धवट झाले, तर त्याची किंमत घाटाच्या उतारावर मोजावी लागते. विशेषतः मदतीला दुसरा माणूस नसताना हे काम करावयाचे असेल, तर कोणती साधने घ्यावीत याचा विचार पाना हाती घेण्यापूर्वीच व्हावयास हवा.

हवा का काढावी लागते?

द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखा पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांच्या नावाने ओळखला जातो. मोटारीचे ब्रेक याच नियमावर चालतात. पॅडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे ढकलतो आणि तो दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत जातो. ब्रेक ऑइल जवळजवळ दाबले जात नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत शाबूत पोहोचतो. हवा मात्र सहज दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा अडकला असेल, तर पायाचा बराचसा प्रवास तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो. पॅडल मऊ लागते, खोल जाते आणि मोटार उशिरा थांबते.

मास्टर सिलिंडर, कॅलिपर किंवा नळी बदलताना हवा आत शिरते. त्याखेरीज दुसरे एक कारण संथपणे काम करीत असते. नेहमीच्या वापरातील ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल वातावरणातील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो; त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की तो १४० अंशांपर्यंत खाली आला तरी प्रमाणात बसतो. डॉट ४ प्रतीसाठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. सह्याद्रीतील घाट असो वा निलगिरीतील, लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने चाकाजवळील ऑइल तापते. ते जुने आणि ओलावलेले असेल तर त्यातील पाण्याची वाफ होते, आणि वाफही हवेप्रमाणेच दाबली जाते. पॅडल अचानक तळाला जाण्याचे हे एक प्रमुख कारण होय. याच कारणाने अनेक उत्पादक दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलण्यास सांगतात.

दोघांचे काम एकट्याने

गॅरेजमध्ये हे काम परंपरेने दोघे मिळून करतात. एक जण आत बसून पॅडल दाबतो. दुसरा चाकामागील निपल किंचित सैल करतो, ऑइल व बुडबुडे बाहेर येऊ देतो आणि पॅडल सोडण्यापूर्वी निपल पुन्हा आवळतो. ‘दाबा’, ‘धरा’, ‘सोडा’ अशा हाका त्या वेळी ऐकू येतात. या हाकांचा अर्थ एकच : पॅडल वर येत असताना निपल बंद असले पाहिजे, अन्यथा परतणारा दट्ट्या बाहेरची हवा आत ओढून घेतो.

एकट्या माणसापुढील खरी अडचण हीच आहे. त्याचा पाय पॅडलवर असताना हात निपलपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे एकट्यासाठी बनविलेल्या साधनांनी सुटकेचे दोन मार्ग शोधले आहेत. पॅडल वर येताना हवा आत जाणार नाही अशी सोय करावयाची, हा पहिला मार्ग. आणि पॅडल दाबण्याची गरजच राहू द्यावयाची नाही, हा दुसरा. बाजारातील कोणतेही साधन या दोहोंपैकी कोणत्या मार्गाचे आहे, हे ओळखले की निवड सोपी होते.

आधी लहान साधने

हवा काढण्याच्या यंत्राकडे लक्ष जाण्यापूर्वी तीन साध्या वस्तूंची तजवीज करावी. पहिली म्हणजे निपलच्या नेमक्या मापाचा षटकोनी रिंग पाना. निपल लहान आणि आतून पोकळ असते. उघड्या तोंडाच्या पान्याने किंवा चिमटा पान्याने जोर लावल्यास त्याच्या कडा गोल होतात, आणि गंजलेले निपल मोडल्यास प्रसंगी कॅलिपर किंवा व्हील सिलिंडरच बदलावा लागतो. ७ ते ११ मिलिमीटरपर्यंतची मापे आढळतात. पुढच्या आणि मागच्या चाकांची मापे भिन्न असू शकतात, म्हणून आधी माप तपासावे आणि मगच पाना घ्यावा. निपलवरील माती ताराच्या ब्रशने झाडून, गंज सैल करणारे तेल आदल्या रात्री थोडेसे सोडल्यास काम हलके होते. हे तेल डिस्क, ड्रम किंवा पॅडवर मात्र उडता कामा नये.

दुसरी वस्तू म्हणजे पारदर्शक नळी. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात तशी, परंतु निपलवर घट्ट बसेल अशा बारीक व्यासाची नळी चालते. बुडबुडे डोळ्यांना दिसले पाहिजेत, हा तिच्या पारदर्शकतेचा हेतू. तिसरी वस्तू म्हणजे मोटारीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे, सीलबंद बाटलीतील ताजे ब्रेक ऑइल. लहान मोटारीचे सगळे ऑइल बदलण्यास साधारण अर्धा ते एक लिटर पुरते. उघडून ठेवलेली बाटली ओलावा शोषते, म्हणून मोठ्या डब्यापेक्षा लहान बाटल्या बऱ्या. डॉट ५ हे सिलिकॉनयुक्त असल्याने ते डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ मध्ये कधीही मिसळू नये. इंजिन ऑइलसारखे खनिज तेल चुकूनही घालू नये; त्याने ब्रेकमधील रबरी सील फुगून निकामी होतात.

साधनांचे चार प्रकार

*बाटली आणि नळी.* हे सर्वांत स्वस्त साधन घरीही बनविता येते. बाटलीच्या झाकणास दोन छिद्रे पाडावीत, एक नळीसाठी आणि दुसरे हवा निघून जाण्यासाठी. बाटलीत थोडे ताजे ऑइल घालून नळीचे टोक त्यात बुडलेले ठेवावे आणि बाटली निपलपेक्षा उंचावर टांगावी. पॅडल वर आल्यावर नळीतून परत ओढले जाते ते ऑइल, हवा नव्हे. याच नळीत एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह बसविलेली तयार साधनेही मिळतात. त्यात परतीचा प्रवाहच थांबतो. उणीव एवढीच की, निपल अधिक सैल केल्यास आट्यांमधून हवा आत शिरू शकते. म्हणून निपल पाव फेऱ्याहून फारसे सैल करू नये आणि पॅडल सावकाश दाबून सावकाशच सोडावे.

*व्हॉल्व्ह असलेले निपल.* येथे तोच व्हॉल्व्ह निपलच्या पोटात बसविलेला असतो. मूळ निपल काढून हे कायमचे बसवावयाचे. सोय उत्तम, परंतु आट्यांचा व्यास आणि अंतर ही दोन्ही मापे मूळ निपलशी तंतोतंत जुळली पाहिजेत. ‘जवळपास बसते’ हा निकष येथे घातक आहे.

*निर्वात पंप.* हा पंप हाताने चालवावयाचा असतो आणि निपलपाशी बसून ऑइल ओढून घेतो. पॅडलला हातही लावावा लागत नाही. मात्र तो आट्यांच्या फटीतून बाहेरची हवाही ओढतो. त्यामुळे नळीत बुडबुडे दिसतच राहतात आणि ते ब्रेकमधील की बाहेरचे, हे नवख्यास उमगत नाही. आट्यांभोवती बाहेरून ग्रीसचा पातळ थर दिल्यास हा घोळ बराच कमी होतो.

*दाबाची टाकी.* ही वरून, म्हणजे ब्रेक ऑइलच्या भांड्यावर बसते. टाकीत ताजे ऑइल भरून हातपंपाने साधारण १० ते १५ पौंडांचा दाब द्यावयाचा, म्हणजे टायरमधील हवेच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी. मग एकेका चाकाचे निपल उघडले की ऑइल आपोआप वाहू लागते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा अधिक असल्याने आट्यांतून हवा आत येत नाही आणि भांडे मध्येच रिकामे होण्याची भीतीही कमी होते. तथापि, टाकीचे झाकण त्या विशिष्ट मोटारीच्या भांड्यावर घट्ट बसणारे हवे. ते निसटल्यास ऑइल इंजिनच्या कप्प्यात आणि बॉनेटवर उडते, आणि ब्रेक ऑइल रंग खाते.

निवडीचे गणित

एक मोटार आणि दोन वर्षांतून एकदा काम, असा हिशेब धरला तर दहा वर्षांत ते साधन पाच वेळा वापरले जाईल. एवढ्यासाठी व्हॉल्व्हची नळी आणि बाटली पुरेशी आहे. शिल्लक रक्कम चांगल्या रिंग पान्यावर आणि भक्कम स्टँडवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे. कुटुंबात दोन-तीन मोटारी असतील किंवा कॅलिपर बदलण्यासारखी कामेही घरीच होत असतील, तर दाबाच्या टाकीचा खर्च अंगवळणी पडतो. मात्र प्रत्येक मोटारीचे झाकण मिळते की नाही, याची खात्री खरेदीपूर्वी करावी. मोटार जुनी असेल, तर पॅडल तळापर्यंत दाबण्याने मास्टर सिलिंडरचे सील दट्ट्याच्या नेहमी न वापरल्या जाणाऱ्या, खडबडीत झालेल्या भागावर घासतात. अशा वेळी पॅडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा किंवा पॅडल न वापरणारे साधन निवडावे. निर्वात पंप इतर कामांतही उपयोगी पडतो. तो घरात असेल तर वापरावा, केवळ याच कामासाठी घेण्याचा आग्रह नको.

खर्चाच्या यादीत एक गोष्ट कधीही गाळू नये : स्टँड. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीचे चाक काढून तिच्या जवळ काम करणे हा जिवाशी खेळ आहे. जमीन सपाट व टणक असावी आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना ठोकळे लावावेत.

काम करताना

एकट्याला निपल आणि ऑइलचे भांडे एकाच वेळी दिसत नाही. म्हणून दाबाची टाकी नसेल, तर दर पाच-सहा दाबांनंतर उठून पातळी पाहावी आणि भांडे भरावे. भांडे रिकामे झाले तर मास्टर सिलिंडरमध्ये हवा शिरते आणि सारे काम पहिल्यापासून करावे लागते. चाकांचा क्रम पुस्तिकेनुसार ठेवावा. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ हा जुना नियम, आणि उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या भारतीय मोटारीत ते बहुधा मागचे डावे चाक असते. परंतु ज्या मोटारींत ब्रेकच्या नळ्या तिरक्या जोडलेल्या असतात, त्यांचा क्रम निराळा असू शकतो. सांडलेल्या ऑइलवर लगेच पाणी ओतावे. बाहेर आलेले ऑइल पुन्हा वापरू नये आणि गटारातही ओतू नये. जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला ते द्यावे.

कोठे थांबावे

काम संपल्यावर इंजिन बंद ठेवून पॅडल काही वेळा दाबावे आणि अर्धा मिनिट जोराने धरून ठेवावे. ते टणक राहिले पाहिजे. हळूहळू खाली जात असेल, तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील गेले आहे. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केल्यावर पॅडल किंचित खाली जाणे मात्र स्वाभाविक आहे. तो ब्रेक बूस्टरचा परिणाम होय. चारही निपल कोरडे आहेत हे पाहून, रिकाम्या आवारात अत्यंत मंद गतीने ब्रेक तपासावेत आणि त्यानंतरच रस्त्यावर यावे.

पॅडल दोन प्रयत्नांनंतरही मऊच राहत असेल, तर तिसरे साधन विकत घेण्यात अर्थ नाही. एप्रिल २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना एबीएस अनिवार्य आहे. अशा बहुतेक मोटारींचे ऑइल नेहमीच्या पद्धतीने बदलता येते. परंतु हवा एबीएसच्या यंत्रणेत शिरली, तर ती काढण्यासाठी संगणकीय उपकरण लागते. अनेक हायब्रिड मोटारींना तर ते आरंभापासूनच लागते. वॉरंटी चालू असेपर्यंत हे काम अधिकृत सेवा केंद्रातच करून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. अशा वेळी मोटार स्वतः चालवीत गॅरेजपर्यंत नेऊ नये. मेकॅनिकला घरी बोलवावे किंवा मोटार ओढून न्यावी. घरी केलेल्या कामाने वाचलेली रक्कम मोठी नसते. तिच्यासाठी मऊ पॅडलची मोटार रस्त्यावर आणण्याचा धोका कोणत्याही हिशेबात बसत नाही.