खरेदीभावाची गाठ

मी होमिओपॅथीचा डॉक्टर, अर्थशास्त्री नव्हे. तरी शेअरबाजाराविषयी लिहितो आहे, कारण इथे सांगायचा आजार मला स्वतःला झाला होता.

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या घरात होता. आमच्या बेळगावात दवाखान्यापासून बस्तीच्या ओट्यापर्यंत तोच विषय. मी एका बांधकाम कंपनीचे शेअर ४५० रुपयांनी घेतले. मार्च २००९ मध्ये सेन्सेक्स आठ हजारांच्या आसपास आला आणि माझा शेअर ९० रुपयांवर. पुढे बाजार सावरला. ही कंपनी मात्र कर्जात रुतत गेली. मी म्हणत राहिलो, "आपला भाव आला की काढून टाकू." मुलीच्या शिक्षणाला पैसे लागले तेव्हा नफ्यातले चांगले शेअर विकले; हे ठेवले.

असे का होते? डॅनिएल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याची उकल केली. माणूस नफातोटा एका ठरावीक खुणेपासून मोजतो, आणि तोट्याचे दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदाहून बरेच मोठे असते. त्यांच्या नंतरच्या मोजणीत साधारण दुप्पट. शेअर घेणाऱ्याची ती खूण म्हणजे खरेदीभाव. विकेपर्यंत तोटा 'कागदावरचा' वाटतो. विकला की आपली चूक कबूल करावी लागते.

टेरन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील एका दलाली पेढीच्या दहा हजार खात्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोक नफ्यातले शेअर लवकर विकत होते आणि तोट्यातले धरून बसत होते. विकलेले शेअर पुढील वर्षात धरून ठेवलेल्यांपेक्षा सरासरीने सरस ठरले.

इथे हिशेबही फसवतो. ४५० चे ९० झाले म्हणजे घसरण ८० टक्के. पण पुन्हा ४५० व्हायला ९० ची पाचपट, म्हणजे ४०० टक्के वाढ हवी. आणि तुम्ही केवढ्याला घेतला, हे त्या शेअरला ठाऊकच नसते.

म्हणून पडलेला प्रत्येक शेअर विकावा, असे नाही. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स २६ हजारांखाली गेला आणि वर्षअखेरीस ४७ हजारांच्या वर होता. घाबरून विकणारे पस्तावले. भीतीही भावाकडेच पाहते, कंपनीकडे नाही.

रुग्ण पुन्हा येतो तेव्हा मी जुना केसपेपर वाचतो, पण औषध आजच्या लक्षणांवर देतो. इथेही तेच करा. स्वतःला विचारा: हा शेअर माझ्याकडे नसता आणि तेवढी रक्कम आज हातात असती, तर आजच्या भावाने मी तो घेतला असता का? उत्तर 'नाही' असेल, तर आपण शेअर नव्हे, खरेदीभाव सांभाळतो आहोत.

मी हा प्रश्न स्वतःला विचारला तो २०१९ मध्ये. शेअर अकरा रुपयांना गेला. मुलीसाठी विकलेल्या शेअरांचा आजचा भाव मात्र मी अजून पाहिलेला नाही.