नमतं कुणी घ्यायचं?

ओले बोंबील किंवा मांदेली शिजत असताना कालवणात डाव किती वेळा फिरवायचा, हे कोकणातल्या सुनेला पहिल्या आठवड्यातच कळतं. एकदाही नाही! टोप दोन्ही हातांनी धरून नुसता हलवायचा. डाव घातला की माशाचा भुगा झालाच म्हणून समजा. हीच गोष्ट चीनमधल्या दोन हजारांहून जास्त वर्षं जुन्या पुस्तकात वाचली, तेव्हा मला फार गंमत वाटली. कारण तिथं ती स्वयंपाकिणीला सांगितलेली नाही, चक्क राजाला सांगितली आहे. मोठं राज्य चालवायचं तर छोटा मासा शिजवतात तसं, म्हणजे सारखी ढवळाढवळ न करता चालवावं, असा तिचा रोख.

त्या पुस्तकाचं नाव 'ताओ ते चिंग'. ताओ म्हणजे वाट. एक्याऐंशी छोटे छोटे अध्याय, सगळी मिळून पाचेक हजार चिनी अक्षरं. लिहिणारा लाओ-त्झू. तो म्हणे राजदरबारी दप्तर सांभाळायचा. राज्याची रया गेलेली पाहून वैतागला आणि म्हशीवर बसून पश्चिमेला निघाला. सीमेवरच्या नाकेदारानं अडवलं, 'जाण्याआधी तुम्हाला ठाऊक आहे ते लिहून ठेवा' म्हणाला, त्यातून हे पुस्तक झालं, अशी कथा आहे. असा माणूस खरंच होऊन गेला का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पुस्तक जुनं आहे हे मात्र नक्की. १९७३ साली चांगशा शहराजवळ मावांगदुई इथं इसवी सनापूर्वी १६८ मधलं एक थडगं उघडलं, त्यात रेशमी कापडावर लिहिलेल्या त्याच्या प्रती निघाल्या. १९९३ साली हुबेई प्रांतात बांबूच्या पट्ट्यांवर त्याहूनही जुना मजकूर मिळाला.

मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं. ग्रीक आणि जर्मन मंडळींवर प्रकरणंच्या प्रकरणं आणि चीनला जेमतेम अर्धं पान! त्या अर्ध्या पानात एक शब्द होता, 'वू-वेइ'. शब्दशः अर्थ 'न करणं'. आम्ही मुलींनी त्याचं लगेच 'आळशांचं तत्त्वज्ञान' असं नाव ठेवून टाकलं. पण वू-वेइ म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. जोर न लावणं, जबरदस्ती न करणं, हा त्याचा खरा अर्थ. याच परंपरेतला दुसरा मोठा लेखक च्वांग-त्झू. त्यानं एका खाटकाची गोष्ट सांगितली आहे. त्याचा सुरा एकोणीस वर्षं धार न लावता नव्यासारखा राहिला. का? तर तो हाडावर घाव घालतच नसे. सांध्यात जिथं मुळातच फट आहे तिथून पातं अलगद फिरवायचा. काम होतं, पण झटापट होत नाही. मासे किंवा मटण साफ करणाऱ्या मैत्रिणींना हे मी सांगायला नकोच.

आता याच्या शेजारी आधुनिक पाश्चात्त्य विचार ठेवून बघा. इंग्लंडमधला फ्रान्सिस बेकन चारशे वर्षांपूर्वी सांगून गेला की ज्ञान हवं ते निसर्गावर हुकमत मिळवण्यासाठी. नदी असेल तर अडवा, डोंगर असेल तर फोडा, वेळ असेल तर मोजा. १९११ साली अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांचं कारखान्यातल्या 'शास्त्रीय व्यवस्थापना'वरचं पुस्तक आलं. कामगाराच्या शेजारी घड्याळ घेऊन उभं राहायचं आणि त्याच्या एकेका हालचालीचे सेकंद मोजायचे! हे घड्याळ स्वयंपाकघरात यायला फार दिवस लागले नाहीत. ख्रिस्तीन फ्रेडरिक नावाच्या गृहिणीनं भांडी घासताना आपण किती वेळा उगाच वाकतो आणि वळतो, हे मोजलं. १९१३ मध्ये तिचं नव्या घरकामावरचं पुस्तक निघालं. तिच्यापासून धडा घेऊन मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. सगळं हाताशी, एकही पाऊल वाया नाही. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची ती आजीच.

हे वाईट आहे का? मला नाही वाटत. किंबहुना इथं मला ताओवाल्यांशी थोडं भांडायचंच आहे. च्वांग-त्झूच्या पुस्तकात एक म्हातारा माळी आहे. तो विहिरीत उतरतो, घागर भरतो, वर येतो, वाफ्यात ओततो, पुन्हा उतरतो. कन्फ्युशियसचा एक शिष्य तिथून जात असतो. तो म्हणतो, 'अहो आजोबा, लांब दांडी लावून पाणी उपसायचं साधन मिळतं.' आपल्याकडे कोकणात विहिरीवर लाट असायची, तसंच काहीसं. त्यानं एका दिवसात शंभर वाफे भिजतील! म्हातारा आधी चिडतो, मग हसतो. त्याचं म्हणणं असं, की यंत्र आलं की यंत्राची कामं येतात आणि यंत्राची कामं आली की माणसाचं मनही यंत्र होतं. मला ते साधन ठाऊक आहे, पण वापरायची लाज वाटते. हायझेनबर्ग या नामवंत पदार्थवैज्ञानिकाला ही गोष्ट इतकी आवडली होती, की त्यांनी ती आपल्या पुस्तकात सांगितली.

आता उन्हाळ्यात दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन टेकडी चढणाऱ्या बाईला ही गोष्ट सांगून बघा. ती म्हणेल, आजोबा, तुम्ही खुशाल उतरा विहिरीत, आमच्या दारात तेवढा नळ द्या. आणि तिचं बरोबर आहे. मिक्सर, कुकर, गॅस यांनी बाईच्या पाठीचा कणा वाचवलाय. धुरानं चुरचुरणारे डोळे वाचवलेत.

पण म्हातारा अगदीच खोटा नाही हं. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंचं १९८३ सालचं एक पुस्तक आहे. यंत्रं घरात आली तरी आईचं काम कमी का झालं नाही, हा त्याचा विषय. कारण असं, की धुलाईयंत्र आल्यावर कपडे रोज बदलायची पद्धत पडली. चूल सुधारली तशी ताटातल्या पदार्थांची संख्या वाढली. पूर्वी पुरुष आणि मुलं सरपण फोडायची, धान्य दळून आणायची. ती त्यांची कामं यंत्रांनी घेतली, आईची मात्र आईकडेच राहिली. तुमच्या-माझ्या घरात वेगळं काय झालंय? मिक्सर आला आणि चटणीच्या जोडीला डोशाचं पीठही रोजचं झालं. वाचलेला वेळ गेला कुठे, हे विचारायला म्हातारा आहेच.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त विचार करायला लावला तो एका रिकाम्या भांड्यानं. 'ताओ ते चिंग'च्या अकराव्या अध्यायात कुंभाराचं मडकं आहे, चाकाचा तुंबा आहे, घराची खोली आहे. सांगणं एवढंच, की आपल्याला दिसते ती माती, पण कामाला येते ती आतली पोकळी. भिंती दिसतात, पण आपण राहतो ते भिंतींच्या मधल्या रिकाम्या जागेत.

पाश्चात्त्य हिशेबाला नेमकी ही पोकळीच दिसत नाही. १९३४ साली सायमन कुझ्नेट्स या अर्थतज्ज्ञानं अमेरिकेच्या सिनेटसाठी देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल तयार केला. आज टीव्हीवर रोज ऐकू येणाऱ्या जीडीपीची मुळं तिथं आहेत. त्यात गृहिणींचं घरातलं काम त्यांनी धरलं नाही. मोजायचं कसं, हा प्रश्न होता. माणूस सचोटीचा, न धरल्याचं त्यांनी स्वतःच नमूद केलं आणि अशा आकड्यावरून देशाचं कल्याण मोजू नका, असंही बजावलं. पण पुढे आकडा राहिला आणि इशारा गेला. न्यूझीलंडच्या मेरिलिन वेअरिंग १९७५ मध्ये तेविसाव्या वर्षी खासदार झाल्या. सरकारी हिशेबात बाईचं काम कुठेच नाही, हे त्यांना आतून दिसलं. १९८८ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि जगभर खळबळ उडाली. आपल्याकडच्या २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीचा आकडा बघा. घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवते आणि जे पुरुष घरात काम करतात ते ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास! आणि तिला विचारलं, 'तुम्ही काय करता?' तर उत्तर येतं, 'काही नाही, घरीच असते.'

हे 'काही नाही' म्हणजेच मडक्यातली पोकळी. लाओ-त्झू वाचला की बरं वाटतं ते यासाठी. पण नुसतं बरं वाटून घेण्यात एक धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

या पुस्तकात पाण्याचं कौतुक आहे. पाणी मऊ, सगळ्यांत खालच्या जागी जाऊन बसणारं, तरी दगड झिजवणारं. महापुरात मोठी झाडं जातात आणि लव्हाळी तगतात, हा दाखला आपल्याकडेही घरोघरी ठाऊक आहे. पण हे सांगितलं कुणाला जातं? सासरी निघालेल्या मुलीला. 'पाण्यासारखं राहा, नमतं घे, ज्या भांड्यात घालतील त्याचा आकार घे.' मी बायकांच्या तक्रारी ऐकायचं काम पंधरा वर्षं करते आहे. मार खाऊन आलेल्या बाईला माहेरची माणसं हेच ऐकवतात. म्हणून मी ते पुस्तक या नजरेनं पुन्हा चाळलं. बघते तर काय, त्यातले कितीतरी अध्याय राज्यकर्त्याला उद्देशून आहेत! चीनमधली राज्यं एकमेकांचे गळे कापत होती तो तो काळ. कर वाढवू नकोस, सैन्याचा माज करू नकोस, खाली बस, कमी बोल, हे सगळं ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला सांगितलंय. नमतं घ्यायचं ते बलवानानं. जो आधीच खाली बसलाय त्याला 'आणखी खाली बस' असं सांगण्यासाठी हे पुस्तक कुणी वापरत असेल, तर ती शुद्ध लबाडी आहे.

आणि अशी लबाडी जगात झालेली आहे. ज्या चीनमध्ये हे पुस्तक जन्मलं, जिथं विश्वाच्या मुळाला आईची उपमा दिली गेली, तिथंच जवळजवळ हजार वर्षं लहान मुलींचे पाय कापडी पट्ट्यांनी आवळून मोडले जात होते. पाच-सहा वर्षांच्या पोरीची बोटं तळव्याखाली दुमडायची आणि रोज घट्ट करायचं. नैसर्गिक ते नैसर्गिक राहू द्या म्हणणारं तत्त्वज्ञान त्या पोरींच्या मदतीला आलं नाही. मदतीला आला तो बऱ्याच अंशी नवा विचार, माणसाचं शरीर त्याचं स्वतःचं असतं हा. कांग योवेइ यांच्यासारखे चिनी सुधारक उभे राहिले. १८९५ मध्ये शांघायला अ‍ॅलिशिया लिटल या इंग्रज बाईंनी 'नैसर्गिक पाय' जपणारी संस्था काढली. च्यू चिन नावाच्या तरुणीनं आपल्या पायांच्या पट्ट्या सोडल्या, १९०४ साली ती शिकायला जपानला गेली आणि परत येऊन क्रांतीच्या कामात पडली. १९०७ मध्ये तिला मृत्युदंड झाला. १९१२ मध्ये नव्या प्रजासत्ताकानं पाय बांधण्यावर बंदी घातली, तरी खेड्यापाड्यांत ती प्रथा पुढे कित्येक वर्षं रेंगाळली.

पश्चिमेकडूनही हे हक्क कुणी ताटात वाढून दिले नव्हते, बरं का. त्या लिटलबाईंना १८९५ साली त्यांच्या स्वतःच्या देशात संसदेसाठी मतदानाचा अधिकार नव्हता. ब्रिटिश बायकांना तो १९१८ मध्ये मिळाला, तोही तिशीच्या पुढच्यांना आणि काही अटींसह.

मला तर वाटतं, आपण दोन्हीकडचं नेमकं उलटं उचललंय. पश्चिमेकडून घेतली ती धावपळ, टक्केवारी, तिसरीतल्या पोराच्या मागे लावलेल्या तीन-तीन शिकवण्या. हक्क मात्र 'आपल्या संस्कृतीत बसत नाहीत' म्हणून दारात उभे. आणि पूर्वेकडचा मऊपणा घेतला तो फक्त बाईच्या वाट्याला.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी मडक्याची गोष्ट सांगितली. बायका कौतुकानं ऐकत होत्या. एक जण हसून म्हणाली, 'ताई, पोकळीच कामाची हे पटलं. पण मडकं कुणाच्या नावावर आहे ते बघा की!' सगळ्या हसल्या, आणि मग हसू थांबलं. तिथंच विषय निघाला. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावता येतं. गटातल्या किती घरांवर लागलंय? दोनच. पुढच्या सोमवारी सहा जणींनी ग्रामसेवकांकडे अर्ज नेऊन दिले. बाकीच्यांच्या घरून अजून सही मिळालेली नाही. त्यांच्या घरी आम्ही दर आठवड्याला जातो, चहा घेतो, विषय काढतो आणि परत येतो. भांडत नाही, पण अर्जाचा कागद टेबलावर ठेवूनच उठतो.